दोन किलो सातशे

सात डिसेंबरला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रेरणाला मुलगी झाली. वजन दोन किलो सातशे ग्रॅम. आई आणि बाळ सुखरूप.

हे वाचून कुणी बर्फी आणायला निघालं असेल तर त्यांनी परत यावं. असं काही झालंच नाही, असं धरून पुढं वाचावं. ते फारसं जड जाणार नाही, कारण असं काही झालंच नव्हतं.

प्रेरणा तेवीस वर्षांची. वरवे बुद्रुकच्या पुढं जिथं डांबर संपतं आणि कुत्री सुरू होतात, त्या वाडीत तिचं सासर. नवरा प्रशिक हायवेवरच्या एका कंपनीत मशीनवर होता. सासू रतनबाई, तिला प्रेरणा 'आत्या' म्हणायची. घरात चौथं कुणी नव्हतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि रतनबाईंना दुसरं काही दुःख नव्हतं, त्यामुळे हे एकच त्या पुरवून पुरवून वापरायच्या.

प्रेरणाला बाहुल्या करता यायच्या. हातात घालून बोलायला लावायच्या, दोऱ्यांवर चालवायच्या. जुन्या साड्या, उसवलेले परकर, प्रशिकची फाटकी बनियनं, सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत साठवलेलं. तिनं केलेला म्हातारा खोकायचा. तिनं केलेली कोंबडी मान वळवून लोकांकडं असं बघायची की लोक विषय बदलायचे. त्या कोंबडीचा व्हिडिओ पाठवून तिनं पुण्यातल्या एका बाहुलीनाट्याच्या शिबिरात जागा मिळवली होती. दहा डिसेंबरपासून दहा दिवस, राहून-खाऊन. अट एकच. तीस नोव्हेंबरच्या आत तीन नव्या बाहुल्या करून फोटो पाठवायचे.

दुसरी अट प्रेरणानं स्वतःच घातली होती. तोवर पोटात काही नको. शेजारची शेफाली लग्नाआधी चित्रं काढायची, तालुक्यात नंबर आलेला. आता तिला दोन मुलं होती आणि ती मुलांच्या वह्यांवर नावं घालायची. अक्षर अजून सुंदर होतं. प्रेरणानं ते अक्षर बघितलं होतं आणि घरी येऊन प्रशिकला सांगितलं होतं, "दोन वर्षं नको." प्रशिक म्हणाला होता, "नको तर नको." तो चांगला माणूस होता. त्याचा उपयोग मात्र मर्यादित होता.

कारण मूल हवं असेल तर काही करावं लागत नाही. नको असेल तर मात्र माणूस कामाला लागतो.

आधी ती तांबी बसवायला गेली. उपकेंद्राच्या सिस्टर म्हणाल्या, "पहिलं मूल झाल्याबिगर आमी तांबी बसवत न्हाई."

"पण मला पहिलंच नकोय अजून."

"मग झाल्यावर ये की."

दुसरा उपाय उपकेंद्राबाहेर खोक्यात टांगलेला असायचा. हात घाला, पाकीट घ्या, कुणी विचारणार नाही. कुणी विचारलंही नाही. पंधरा ऑगस्टला शाळेच्या कमानीला पांढरट, लांबुडके फुगे लागले. सगळं गाव ध्वजाला सलाम करून उभं राहिलं आणि कुणीही वर बघितलं नाही. त्या दिवसापासून खोका रिकामा होता.

मग प्रशिक कापूरहोळला औषधाच्या दुकानात गेला. काउंटरवर त्याचा मामेभाऊ बसायचा. मामेभाऊ म्हणाला, "बोल, काय देऊ?" प्रशिक म्हणाला, "खोकल्याचं औषध." पुढच्या वेळी त्यानं बाम आणला. तिसऱ्या वेळी गुडघ्याला बांधायचा पट्टा. चौथ्या वेळी तो छाती काढून आत गेला आणि थर्मामीटर घेऊन बाहेर आला. रतनबाईंनी फळीवर मांडलेलं हे सगळं बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. "पोराला काय रोग लागलाय, मला कुणी सांगना."

राहिली आठवड्याची गोळी. ती आशाताई फुकट देत. आशा म्हणजे गावातल्या बायकांची आरोग्याची कामं बघणारी सरकारची बाई. वाडीच्या आशा होत्या शिवानीताई. दर रविवारी प्रेरणा एक गोळी घ्यायची आणि एक बाहुली पुढं सरकवायची. असं बरं चाललं होतं. ऑगस्टच्या शेवटी गोळ्या संपल्या.

"वरनंच माल न्हाई," शिवानीताई म्हणाल्या. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज उतरवला. "नऊ तारखेला येनार हाय. जिल्ह्याच्या सायबाच्या गाडीतनं. तुला पयली दोन पाकिटं काढून ठेवते. पर माझं एक काम कर."

"काय?"

"नऊ तारखेला दोन तास गरोदर व्हय."

प्रेरणानं हातातलं रिकामं पाकीट खाली ठेवलं.

"लई न्हाई गं. फोटोपुरतं."

अडचण अशी होती. नऊ तारखेला गरोदर बायकांची तपासणी, जिल्ह्याचे साहेब बघायला येणार. वाडीच्या कागदावर चार गरोदर बायका होत्या. पण सातवा लागला की पोरगी माहेरी जाते. एक वेल्ह्याकडं गेली, एक साताऱ्याकडं, एक कामथडीला. चौथी वाट न बघता आधीच बाळंत झाली.

"कागदावर चार अन् बाकावर एक बी न्हाई," शिवानीताई म्हणाल्या. "सायब म्हननार, शिवानी, कुठायत बाया? म्या काय सांगू? माहेरी गेल्या? त्यांच्या फॉर्मात माहेर न्हाई."

"कामथडी तर जवळच आहे की. बोलवा तिला दोन तास."

"गेले व्हते. तिची आई म्हनती, माहेरी आल्याली पोरगी मोकळी झाल्याबिगर उंबरा वलांडत नसती. तू ये. पोटाला उशी बांध, पदर घे, बाकावर बस. फोटो झाला की घरी."

इथं प्रेरणानं 'हो' म्हणून उशी बांधली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण ती म्हणाली, "उशी उशीसारखी दिसते, ताई."

माणसाचं वाटोळं अज्ञानानं होतं तसं कलेनंही होतं. कलेनं जरा नीटनेटकं होतं, एवढंच.

तीन दुपारी ती पोट करत बसली. जांभळ्या सुती साडीचं कापड घेतलं. आत भाताचं तूस भरलं, पण तुसाचं पोट हलकं. बाई चालताना कंबर मागं टाकत नाही. म्हणून मधोमध नदीच्या रेतीची पिशवी बसवली. बेंबीच्या जागी बटण शिवलं. पट्टे खांद्यावरून घेतले, म्हणजे भार बरोबर पाठीवर येतो. आणि मग, कुणीही सांगितलेलं नसताना, तिनं आत एक लाकडी चमचा बसवला आणि त्याची दोरी बाहीतून बोटापर्यंत आणली. बोट ओढलं की पोटात आतून लाथ बसायची.

प्रशिकनं ते पोट बघितलं आणि तो खाटेवर बसला. "अगं, हे कशाला?"

"गोळ्या मिळतायत."

"तेवढ्यासाठी लाथ कशाला?"

तिनं दोरी पुन्हा ओढून बघितली. याचं उत्तर देता आलं असतं तर ती कलाकार नसती.

नऊ तारखेला सिस्टर भोरला मीटिंगला होत्या. साहेब आले. ते डॉक्टर नव्हते, आकडेवारीचे साहेब होते. त्यांच्याबरोबर कुमार नावाचा टॅबलेटवाला, तो आकडे भरायचा. प्रेरणा अंगणातून चालत आली, एक हात कंबरेवर, पाय किंचित फाकलेले. अंगणात बसलेल्या दोन म्हाताऱ्या आपोआप सरकल्या आणि त्यांनी तिला जागा दिली. या म्हाताऱ्या तिला रोज बघत होत्या. त्यांनीसुद्धा जागा दिली.

फोटो झाला. कुमारला यादीत तिचं नाव सापडेना. साहेबांनी विचारलं, "कितवा?"

"सातवा," शिवानीताई म्हणाल्या.

"त्रास काही?"

प्रेरणानं मान खाली घातली आणि बोट ओढलं. पदराखाली पोट हललं.

साहेब एक पाऊल मागं सरले. त्यांची पंचवीस वर्षं नोकरी झाली होती आणि त्यांनी लाखो गरोदर बायका पाहिल्या होत्या, पण रकान्यात. ते कुमारकडं वळले. "कुमार, ही नोंद राहिली कशी? अशी केस सुटता कामा नये. आत्ताच्या आत्ता भरा. हालचाल चांगली, असंही लिहा."

"साहेब, आधार लागंल," कुमार म्हणाला.

आधार टेबलावरच होतं. गोळ्या घ्यायच्या म्हणून प्रेरणानंच आणलं होतं. शिवानीताईंनी त्यावर हात ठेवायच्या आत कुमारनं नंबर भरलासुद्धा. गरोदर माता, सातवा महिना, प्रसूतीची अपेक्षित तारीख सात डिसेंबर. टॅबलेटवर हिरवी खूण आली. प्रेरणाच्या आजवरच्या कामात सरकारी मान्यता मिळालेली ही पहिलीच कलाकृती.

गाडी गेल्यावर ती म्हणाली, "ताई, माझ्या गोळ्या."

शिवानीताईंनी पाकिटं काढली, मोबाईलवर नाव टाकलं. पडदा लाल झाला. त्यांनी पुन्हा टाकलं. पुन्हा लाल.

"आता देता येत न्हाई गं."

"का?"

"तू गरोदर हायेस."

"ताई!"

"मला ठावं हाय. ह्याला ठावं न्हाई." त्यांनी मोबाईल पुढं धरला. "गरोदर बाईच्या नावावर गोळी काढली तर मला मेमो. म्या काय करू? पाकिटं मोजून आल्यात."

म्हणजे गरोदर दिसल्याबद्दल ज्या गोळ्या मिळणार होत्या, त्या गरोदर दिसल्यामुळे मिळाल्या नाहीत. आणि त्या मिळाल्या नाहीत तर नोंद लवकरच खरी होण्याचा धोका होता. सरकारी कामात चुकीची नोंद दुरुस्त होत नाही, पण वाट बघितली तर ती बरोबर होते, असा हा प्रकार.

एवढ्यावरही भागलं असतं. पण आधारला नंबर जोडलेला होता रतनबाईंचा. लग्नानंतर कार्डावर पत्ता बदलला तेव्हा प्रेरणाचा मोबाईल बंद पडलेला होता. संध्याकाळी रतनबाई भाकरी थापत असताना मोबाईल वाजला. सातवीपर्यंत शिकल्या होत्या. संदेश त्यांनी तीनदा वाचला. 'अभिनंदन! गरोदर माता म्हणून आपली नोंद झाली आहे.' तव्यावरची भाकरी जळली. त्यांच्या हातची भाकरी त्याआधी कधी जळली नव्हती.

"पेरणा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मोबाईल पुढं केला.

"आत्या, तसं काही नाहीये. ती चुकून नोंद झालीय."

रतनबाईंनी तिच्या गालावरून पिठाचा हात फिरवला. "न्हाईच म्हनायचं. बराबर हाय. तीन म्हैने कुनाला सांगायचं नसतं. म्या बी परशिकच्या वक्ताला न्हाईच म्हनत व्हते."

"पण खरंच नाही."

"म्या बी असंच म्हनायचे, खरंच न्हाई."

प्रशिकनं सांगून बघितलं. "आई, खरंच काही नाही."

"तुला काय कळतंय? तू गप. सरकारनं कळवलंय. सरकार कशाला खोटं बोलंल, त्यांना काय घेनं-देनं?"

याच्यावर पुरावा हवा म्हणून प्रशिक पाचव्यांदा कापूरहोळला गेला. या वेळी त्यानं न अडखळता घरी तपासायची पट्टी मागितली. आश्चर्य म्हणजे हे मागताना त्याला लाज वाटली नाही. मामेभाऊ काउंटरवरून उडी मारून बाहेर आला, त्यानं त्याला मिठी मारली आणि समोरच्या ढाब्यावरून चहा मागवला. प्रशिक पट्टी घेऊन घरी पोचेपर्यंत बातमी त्याच्या आधी घरी पोचलेली होती.

पट्टीवर एक रेघ आली. प्रेरणानं ती सासूच्या डोळ्यांपुढं धरली. "बघा आत्या. एकच रेघ."

"एकच ना," रतनबाई सुस्कारा सोडून म्हणाल्या. "बरं झालं. जुळं असतं तर तुला झेपलं नसतं."

पंधरा दिवसांनी पाळी आली. प्रेरणानं तेही सांगितलं. सांगण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. रतनबाईंचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या जावंला चवथ्या म्हैन्यापतुर डाग पडत व्हता. उठू नगंस. पाय वर करून पड." आणि त्या दिवसापासून प्रेरणाच्या हातातली कामं गेली. पाणी भरणं गेलं, शेण गेलं, भाताची कापणी गेली. अंगणवाडीतून पोषण आहाराची पाकिटं यायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला दुपार मिळाली. आख्खी दुपार, दोन ते पाच, रोज. तीन बाहुल्यांना पुरून उरली असती.

तिनं ट्रंक उघडली आणि शिवणाचा डबा घेतला.

"कातर ठेव आधी," रतनबाई दारातून म्हणाल्या.

"का?"

"पोटुशी बाईनं सुई-कातर धरायची नसती. पोराला वठ फाटका यितो."

"आत्या, आपण हे मानत नाही. तुम्हीच तर सांगता सगळ्यांना, विहारात उभं राहून."

"न्हाईच मानत," रतनबाई ठामपणे म्हणाल्या आणि कातर कनवटीला लावली. "मानायचा प्रश्नच न्हाई. पर उगं कशाला."

सुई गेली, कातर गेली, दाभण गेला. हाताशी वेळ होता, कापड होतं आणि ते शिवायची सोय नव्हती. दोन दिवसांनी कापडही गेलं. प्रेरणा औषधं घ्यायला म्हणून उपकेंद्रात गेली होती. (औषधं लोहाच्या गोळ्या होत्या. त्या मात्र मागितल्या नसताना मिळत होत्या, शंभर-शंभर.) परत आली तेव्हा ट्रंक रिकामी होती आणि रतनबाई अंगणात पाय पसरून गोधडी घालत होत्या. लहान, चौकोनी, बाळाएवढी गोधडी. मधल्या चौकोनात म्हाताऱ्याचा कोट होता. कडेला कोंबडीची मान उलगडून सपाट केलेली होती. ती अजूनही बघत होती.

"चिंध्या लई मऊ निघाल्या," रतनबाई म्हणाल्या. "तू साठवलंस ते बरं केलंस. म्या म्हनत व्हते, ही पोरगी कशासाठी साठवतीया. आता कळलं."

प्रेरणा पायरीवर बसली. रडावं तर सासू म्हणणार, या दिवसांत रडायचं नसतं. म्हणून ती रडलीसुद्धा नाही.

रात्रीचा प्रश्नही रतनबाईंनी सोडवला. जपायचे दिवस म्हणून त्यांनी आपलं अंथरूण प्रेरणाच्या खोलीत घातलं आणि प्रशिकला ओसरीवर काढलं. तांबी, गोळी, खोका, कापूरहोळ, सगळ्यांनी हात वर केल्यावर हा उपाय मिळाला. खात्रीचा, विनामूल्य, आणि घोरणारा.

नोव्हेंबर संपत आला. तांदळाच्या पिंपाच्या मागं लपवलेलं जांभळं पोट सोडून तिनं केलेलं घरात काही शिल्लक नव्हतं. तीस तारखेला तिनं त्याचाच फोटो काढला, दोरी ओढून लाथेचा व्हिडिओ जोडला आणि शिबिराला पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'काम लक्षवेधी आहे. परंतु आपण एकच बाहुली पाठवली आहे आणि तिला तोंड नाही. आपली जागा प्रतीक्षा यादीतील उमेदवारास देण्यात येत आहे. पुढील वर्षी जरूर प्रयत्न करावा.'

प्रेरणानं ते दोनदा वाचलं. तोंड नाही, हे त्यांचं खरं होतं.

डिसेंबर उजाडला तशी शिवानीताईंची झोप उडाली. सात तारखेपर्यंत नोंद बंद झाली नाही तर जिल्ह्यातून विचारणा, मग भेट, मग मेमो. सात तारखेला सकाळीच त्या प्रेरणाला घेऊन उपकेंद्रात गेल्या. सिस्टर फिरतीवर होत्या आणि कुमार टॅबलेट घेऊन बसला होता.

"दादा, ही नोंद चुकून झाली. काढून टाका."

"काढायचं बटण नाही, ताई. बंद करता येते. तीन पर्याय आहेत. प्रसूती, गर्भपात, मृत्यू."

"चुकून नोंद, असा पर्याय न्हाई?"

"चुकून राहिलेल्या बायकांची नोंदसुद्धा आपण गरोदर अशीच करतो. चुकीला वेगळा रकाना नाही."

"मग गर्भपात टाका," प्रेरणा म्हणाली.

"डॉक्टरचं नाव, कारण, सर्टिफिकेट. आहे?"

"मृत्यू?"

कुमारनं तिच्याकडं सहानुभूतीनं बघितलं. "मृत्यू टाकला की समिती घरी येते. समिती आली की तुम्ही सापडणार. मग तुम्हाला मारल्याचा मेमो ताईंना."

शिवानीताईंनी दार लोटून घेतलं. मग शिवानीताई म्हणाल्या, "प्रसूती टाका."

"वजन?"

"टाका काहीतरी," प्रेरणा म्हणाली.

शिवानीताई ताठ झाल्या. "काहीतरी न्हाई. पंधरा वर्सं झाली मला. आजपतुर एक खोटं वजन लिहिलं न्हाई म्या. पेरणा, जा, ते पोट आन."

पोट आणलं. शिवानीताईंनी काटा आढ्याला अडकवला, झोळी लावली, काटा शून्यावर आणला आणि पोट दोन्ही हातांनी, मान सांभाळावी तसं, झोळीत ठेवलं. वाकून बघितलं.

"दोन किलो सातशे. चांगलं हाय."

"मुलगा का मुलगी?"

"मुलगी टाका," शिवानीताई म्हणाल्या. "मुलगा टाकला तर लोक पेढे मागायला येत्यात."

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. पडदा हिरवा झाला.

योगायोग म्हणा की हिशेब म्हणा, रतनबाईंचे तीन महिने त्याच आठवड्यात भरत होते. त्या दिवशी नवं लुगडं नेसून त्या वाडीत सांगायला निघाल्या होत्या. पहिल्याच घरी, शेफालीच्या दारात, मोबाईल वाजला. 'अभिनंदन! आपल्या मुलीच्या जन्माबद्दल शुभेच्छा. वजन : दोन किलो सातशे ग्रॅम. बाळाचे पहिले लसीकरण वेळेत करून घ्या.' त्यांनी तो संदेश शेफालीकडून वाचून घेतला, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता म्हणून. शेफालीनं तो सुंदर उच्चारात वाचला.

रतनबाई घरी आल्या. प्रेरणा नुकतीच उपकेंद्रातून आलेली, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"पेरणा, मुलगी कुठं हाय?"

प्रेरणानं पिशवीचे बंद सोडले.

"मुलगी झाली म्हनं. दोन किलो सातशे. मला दाव की."

मग प्रेरणानं पिशवीतून पोट काढलं आणि सासूच्या हातात दिलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं. साहेब, गोळ्या, लाथ. रतनबाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात नकळत त्या जांभळ्या कापडाखाली गेला, भार तोलून धरला. बोटाला दोरी लागली. पोटानं लाथ मारली. रतनबाई दचकल्या नाहीत.

"म्हंजी न्हवतंच."

"मी सांगत होते, आत्या."

"सांगत व्हतीस," रतनबाई म्हणाल्या. "पर तू नुसतं तोंडानं सांगत व्हतीस."

रतनबाईंनी पोट हलकेच खाली ठेवलं. मग रतनबाई उठल्या, आतून ती लहान गोधडी आणली, प्रेरणाच्या मांडीवर ठेवली. कनवटीची कातर काढून वर ठेवली. "उसवून घी. टाका बारीक हाय, दोन-तीन म्हैने लागतील." दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आता बरी हायेस तर पानी भरून टाक. अन् उद्यापासनं रानात ये."

दुपार गेली.

दीड महिन्यानं प्रेरणा उपकेंद्रात सिस्टरांकडं गेली, गोळ्या तरी मिळतील म्हणून. सिस्टरांनी आधार टाकलं, पडदा बघितला आणि पहिल्यांदाच हसून बघितलं.

"एक मुलगी हाय की तुला. मग गोळ्या कशाला खातीस? तांबी बसवून टाक. पाच वर्सं बघायला नको."

"बसवता येते?"

"आता येती."

दहा मिनिटं लागली. प्रेरणाला एवढ्या कमी वेळात सरकारकडून कधीच काही मिळालं नव्हतं. बाहेर येऊन ती बाकावर बसली, पोटात कळ येत होती, आणि तिनं शिवानीताईंकडून एक कागद मागून घेतला. त्यावर लिहिलेला अर्ज तिनं त्याच दिवशी दिला. आवक-जावक शिक्का आहे. अर्ज असा.

प्रति,
मा. साहेब, आरोग्य विभाग (आकडेवारी)

विषय : नोंदीतील मुलीच्या वेळेबाबत.

महोदय,

आपल्या दप्तरी माझी एक मुलगी असून ती प्रत्यक्षात नाही. याबद्दल माझी तक्रार नाही. तिच्यामुळे मला तांबी मिळाली. तिची लस चुकली म्हणून रोज संदेश येतात, त्यालाही माझी हरकत नाही. ती शाळेत जाण्याच्या वयाची झाल्यावर पत्र आल्यास मी तिला हजर करीन. तिचे वजन वाढलेले नसेल, हे आत्ताच नमूद करते.

आमच्या वाडीत ज्यांना मुले आहेत त्यांना मुले आहेत म्हणून वेळ मिळत नाही. मला मूल नाही, म्हणून मी इतर कामांस मोकळी आहे असे समजले जाते. त्यामुळे मूल असण्याचा आणि नसण्याचा असा दोन्हीकडचा वेळ माझ्या नावावर शिल्लक दिसत नाही. मला तीन बाहुल्या करावयाच्या आहेत. एकीला या वेळी तोंड असेल.

तरी माझ्या न झालेल्या मुलीच्या संगोपनास जो वेळ लागला असता, त्यापैकी दररोज दुपारी दोन ते चार हा वेळ माझ्या नावे वर्ग करण्यात यावा. आणि तसा आदेश मला न पाठवता माझ्या सासूबाईंच्या मोबाईलवर संदेशाने पाठवण्यात यावा, ही नम्र विनंती.